सर्व्हिसनंतर पवित्र्यात परतताना : टेबल टेनिसच्या नवख्या खेळाडूंसाठी

टेबल टेनिस शिकू लागलेले बहुतेक जण सर्व्हिसचा सराव आवडीने करतात. तो एकट्याला करता येतो, जोडीदाराची वाट पाहावी लागत नाही आणि चेंडूला नीट फिरकी बसली की तिचा परिणाम तिथल्या तिथे दिसतो. या सरावात एक उणीव मात्र नकळत राहते, ती म्हणजे एकट्याने केलेली सर्व्हिस परत येत नाही. त्यामुळे चेंडू बॅटवरून सुटला की हात सैल सोडून, तो पलीकडे कुठे टप्पा घेतो हे पाहत उभे राहण्याची सवय लागते. मग सामन्यात समोरच्याने साधा लांब पुश (चेंडूखालून बॅट सरकवून हलकेच ढकललेला फटका) केला, तरी आपण अजून टेबलाला चिकटून आडव्या अंगाने उभे असल्याचे उशिरा लक्षात येते. अशा वेळी दोष पायांच्या वेगाला दिला जातो. प्रत्यक्षात पाय हळू नसतात, ते उशिरा निघालेले असतात.

खेळातील सर्व फटक्यांमध्ये सर्व्हिस हा एकच फटका असा आहे, की ज्याची वेळ, जागा आणि वेग पूर्णपणे आपल्या हाती असतो. 2001 पासून गेम 11 गुणांचा झाला आणि प्रत्येकाला सलग दोन सर्व्हिस मिळू लागल्या. त्यामुळे 11-9 असा संपलेल्या गेममध्ये प्रत्येक खेळाडूने दहा वेळा सर्व्हिस केलेली असते. तितक्याच वेळा त्याला पवित्र्यात, म्हणजे पुढच्या चेंडूसाठी तयार उभे राहण्याच्या स्थितीत, परतावेही लागते. ही परतण्याची हालचाल सर्व्हिस संपल्यानंतर सुरू होते, असा समज सोडून देणे ही या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. सर्व्हिसच्या फटक्यातून अंगात जी गती निर्माण होते, तीच गती आपल्याला पवित्र्यात आणून सोडेल अशा रीतीने सर्व्हिस बांधावी लागते. चांगल्या खेळाडूच्या हालचालीत जो डौल दिसतो, तो यामुळेच असतो. त्याने वेगळे काही केलेले नसते, नको ती हालचाल गाळलेली असते.

पुढील वर्णन उजव्या हाताने, हस्तांदोलनासारख्या पकडीने खेळणाऱ्याला समोर ठेवून केले आहे. डावखुऱ्या वाचकांनी डावे-उजवे बदलून वाचावे.

उभे राहण्यापासूनच सुरुवात

नवख्यांनी प्रथम फोरहँडची (बॅटच्या हाताच्या बाजूने केलेली) पेंड्युलम, म्हणजे हात लंबकासारखा झुलवून केलेली, सर्व्हिस आणि साधी बॅकहँड (त्याच्या उलट बाजूने केलेली) सर्व्हिस या दोनच सर्व्हिस डोळ्यांसमोर ठेवाव्यात. पेंड्युलम सर्व्हिससाठी खेळाडू टेबलाच्या डाव्या कोपऱ्याजवळ, डावे पाऊल पुढे आणि उजवे मागे ठेवून, छाती उजव्या बाजूकडे वळवून उभा राहतो. येथे पाहायची गोष्ट ही, की या जागेवरून तयारीच्या पवित्र्यात यायला किती पावले लागतात. पोट टेबलाच्या कडेला टेकेल इतके जवळ उभे राहिले, तर आधी मागे सरावे लागते आणि मग वळावे लागते, म्हणजे एका हालचालीच्या जागी दोन होतात. उलट फार मागे उभे राहिले, तर आखूड (पलीकडे जाळ्याजवळ पडणारी) सर्व्हिस नीट ठेवता येत नाही. चेंडूला बॅट लागताना कोपराला मोकळेपणाने फिरता येईल इतकेच अंतर ठेवावे, पावले खांद्यांहून थोडी अधिक रुंद ठेवावीत आणि गुडघे सुरुवातीपासूनच किंचित वाकलेले असावेत. ताठ पायांनी सर्व्हिस केल्यास नंतर आधी वाकावे लागते, आणि त्यात वेळ जातो.

बॅकहँड सर्व्हिसचा फायदा येथेच कळतो. तीत छाती आधीच टेबलाकडे असते आणि पावले जवळजवळ समांतर असतात, त्यामुळे परतणे फारच सोपे होते. परतण्याची हालचाल शिकायची असेल, तर पहिले काही दिवस बॅकहँड सर्व्हिसनेच शिकावी असे माझे मत आहे, जरी बहुतेक ठिकाणी पेंड्युलमपासून सुरुवात करून दिली जाते.

खोल बसून सर्व्हिस करणारे खेळाडू पाहून अनेकांना तसे करण्याचा मोह होतो. जर्मनीचा दिमित्री ओवचारोव्ह बॅकहँडने आणि 2016 च्या ऑलिंपिकमध्ये महिला एकेरीचे सुवर्णपदक जिंकणारी चीनची डिंग निंग फोरहँडने अशी सर्व्हिस करत प्रसिद्ध झाले. त्या सर्व्हिसमध्ये बसण्यापेक्षा उठणे अवघड आहे. मांड्यांत तेवढे बळ आणि उठता उठता तोल सावरण्याचा सराव नसेल, तर नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

चेंडू उडवणे आणि फटक्याचा शेवट

नियमानुसार चेंडू उघड्या तळहातावरून, जवळजवळ सरळ वर, किमान 16 सेंटिमीटर उडवावा लागतो. चेंडू वाकडा गेला तर पंच हरकत घेऊ शकतात हे खरे, पण परतण्याच्या दृष्टीनेही वाकडा चेंडू नुकसानच करतो. चेंडू अंगापासून दूर गेला की त्याच्यामागे धड झुकते, तोल बाहेरच्या बाजूला जातो आणि फटक्यानंतरचे पहिले पाऊल केवळ पडू नये म्हणून टाकावे लागते. चेंडू उडवताच मोकळा हात चेंडू आणि जाळे यांच्यामधून बाजूला घ्यावा, असाही नियम आहे. तो हात नुसता लोंबकळत न ठेवता डाव्या बाजूने मागे ओढावा, म्हणजे धड टेबलाकडे वळायला त्याची आपोआप मदत होते.

फटक्याचा शेवट कुठे करावा, याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. चेंडूला फिरकी मिळते ती बॅट लागण्याच्या क्षणी. त्यानंतर बॅट डाव्या कुशीपर्यंत नेली काय किंवा पोटासमोर थांबवली काय, चेंडूला त्याचे काही नसते. आपल्याला मात्र असते. बॅट जितकी दूर जाईल, तितकी ती परत आणावी लागते. म्हणून बॅट लागल्यावर मनगट आणि पुढचा हात लगेच आवरावा आणि बॅट शरीरासमोरच राहू द्यावी. अनुभवी खेळाडू कधी कधी चेंडू सुटल्यावर बॅट मुद्दाम उलट दिशेने फिरवतात. त्यामागे फिरकी लपवण्याचा हेतू असतो, आणि ती युक्ती परतण्याची हालचाल पक्की होईपर्यंत बाजूला ठेवलेलीच बरी.

वजन, पाऊल आणि लहानशी उडी

पेंड्युलम सर्व्हिसमध्ये चेंडू वर असताना वजन मागच्या, म्हणजे उजव्या पायावर असते आणि फटक्याबरोबर ते डाव्या पायावर येते. वजनाची ही सरकच परतण्याचे इंधन आहे. वजन डाव्या पायावर आले की उजवा पाय हलका होतो. त्याच क्षणी उजवा खुबा पुढे वळू द्यावा, म्हणजे उजवे पाऊल त्याच्याबरोबर फिरून डाव्याच्या बरोबरीला येते आणि छाती टेबलाकडे होते. येथे उजवा पाय ओढून आणायचा नसतो. खुबा वळला की तो येतोच. ओढून आणलेला पाय जमिनीवर घासतो आणि उशिरा पोहोचतो.

उजवे पाऊल जमिनीला लागते न लागते, तोच डाव्या पायाने जमीन पुढच्या दिशेला ढकलावी आणि दोन्ही पावलांनी एक लहान उडी मागे, आणि गरज असेल तर थोडी उजवीकडे, घ्यावी. ही उडी उंच नसते. पावले जमिनीपासून जेमतेम सुटतात, डोके जवळजवळ त्याच उंचीवर राहते आणि खाली येताना वजन चवड्यांवर पडते. टाचा जमिनीला टेकलेल्या असल्या तरी चालतात, पण त्यांच्यावर भार नसावा. उडी उंच गेली तर हवेत असतानाच समोरचा चेंडू मारून मोकळा होतो, आणि हवेत असलेल्या खेळाडूला दिशा बदलता येत नाही.

या उडीची वेळ ही सगळ्या हालचालीतील सर्वांत नाजूक बाब आहे. समोरच्या खेळाडूची बॅट चेंडूला लागण्याच्या किंचित आधी आपली पावले जमिनीवर आलेली असावीत आणि गुडघे दबलेले असावेत. पाय आधीच घट्ट रोवून थांबलो, तर पुन्हा हलण्यासाठी स्नायूंना नव्याने सुरुवात करावी लागते. उशिरा आलो, तर चेंडू निघाला त्या वेळी आपण अजून मागे सरकत असतो आणि मागे जाणाऱ्या अंगाने पुढचा आखूड चेंडू उचलता येत नाही. दबलेले गुडघे म्हणजे साठवलेली ताकद आहे, ती चेंडूची दिशा कळताच त्या बाजूला सोडायची असते. आखूड सर्व्हिसमध्ये समोरच्याचा फटका येईपर्यंत थोडा अधिक अवधी मिळतो, वेगवान लांब सर्व्हिसमध्ये फारच कमी मिळतो. म्हणून उडीचा ठेका स्वतःच्या सर्व्हिसच्या वेगावरून ठरतो, मनातल्या मोजणीवरून नाही. जमिनीवर यायचे ते समोरच्याच्या बॅटकडे पाहून.

त्यामुळे नजरेची गोष्टही येथेच सांगणे योग्य. आपला चेंडू आपल्या अर्ध्या टेबलावर टप्पा घेऊन जाळ्यावरून गेला की त्याच्यामागे नजर लावून बसू नये. नजर समोरच्याच्या बॅटवर आणि खांद्यावर न्यावी, कारण तो पुश करणार की फ्लिक (मनगटाच्या झटक्याने केलेला आक्रमक फटका), कोणत्या बाजूला, याचा पहिला सुगावा तेथेच लागतो.

पकड आणि बॅट

मनगट मोकळे व्हावे म्हणून पेंड्युलम सर्व्हिसमध्ये शेवटची तीन बोटे मुठीवरून सोडून बॅट अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरली जाते. ती बोटे पुन्हा मुठीवर आणायचे अनेकांना भान राहत नाही आणि पुढचा फटका अर्धवट पकडीने मारला जातो. पकड बदलण्यासाठी वेगळा वेळ राखून ठेवायचा नाही. पावले हवेत असतानाच बोटे मिटावीत. बॅट टेबलाच्या पृष्ठभागाहून थोडी वर आणि शरीरासमोर असावी. टेबलाची उंची 76 सेंटिमीटर असते, म्हणजे हात लोंबता सोडला की बॅट टेबलाखाली जाते, आणि तेथून तिला वर आणण्यात जो वेळ जातो तो कितीही चपळ पायांनी भरून निघत नाही.

कुठे येऊन थांबावे

टेबल 152.5 सेंटिमीटर रुंद असते आणि त्याच्या मध्यरेषेच्या मागे जाऊन उभे राहावे, असे नवख्याला साहजिकच वाटते. ते बरोबर नाही. उजव्या हाताच्या खेळाडूचा फोरहँड बॅकहँडपेक्षा लांबवर पोहोचतो, म्हणून त्याची जागा मध्यापासून थोडी डावीकडे असते. सुरुवातीला उजवे पाऊल मध्यरेषेच्या सरळ रेषेत आणि डावे पाऊल डाव्या कोपऱ्याच्या आसपास, असे धरून चालावे. पुढे स्वतःच्या उंचीप्रमाणे आणि कोणता फटका अधिक भरवशाचा आहे त्याप्रमाणे ही जागा सरकते. टेबलापासूनचे अंतर साधारणपणे हात आणि बॅट पुढे केल्यावर बॅटचे टोक कडेजवळ पोहोचेल इतके असावे.

जागा ठरवताना टेबलाचा मध्य नव्हे, समोरच्याला मिळणाऱ्या कोनाचा मध्य पाहावा. उजव्या हाताने खेळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या फोरहँडला बाहेरच्या बाजूने सर्व्हिस केली, तर तो तिरका फटका मारून चेंडू आपल्या फोरहँडच्या बाजूच्या कडेबाहेर नेऊ शकतो. तेव्हा पाऊलभर उजवीकडे असावे. त्याच्या बॅकहँडला सर्व्हिस केली, तर तिरका चेंडू आपल्या डाव्या बाजूला येईल आणि आपली डावीकडची नेहमीची जागा पुरेशी ठरेल. सर्व्हिस मध्यावर, त्याच्या कोपराच्या रोखाने केली, तर त्याला दोन्हीकडे कमी कोन मिळतो. परतण्याची हालचाल अजून कच्ची असताना मध्यावर सर्व्हिस करणे हा म्हणूनच शहाणपणाचा मार्ग आहे.

कोणत्या सर्व्हिसनंतर कशाची तयारी ठेवावी

फिरकीचा परिणाम समोरच्याच्या बॅटच्या रबरावर होतो आणि त्यावरून उत्तराची दिशा काही प्रमाणात आधीच कळते. पेंड्युलम सर्व्हिसमध्ये बॅट उजवीकडून डावीकडे चेंडूला घासते. अशा चेंडूला समोरच्याने नुसती बॅट लावली, तर तो आपल्या डाव्या बाजूला, म्हणजे बॅकहँडकडे वळून येतो. बॅकहँड सर्व्हिसमध्ये आणि उलट्या पेंड्युलममध्ये घासण्याची दिशा याच्या विरुद्ध असते, त्यामुळे चेंडू आपल्या फोरहँडकडे येण्याचा संभव अधिक. पेंड्युलमनंतर डाव्या कोपऱ्यात फोरहँड मारण्यासाठी पाय तयार ठेवणे आणि बॅकहँड सर्व्हिसनंतर उजवीकडे लवकर सरकणे, यामागचे कारण हेच आहे. जाणता प्रतिस्पर्धी बॅटचा कोन बदलून ही फिरकी मोडून काढतो, हे लक्षात ठेवून अंदाज बांधावा. अंदाजाने मनाचा कल ठरवावा, पाय मात्र चेंडू निघाल्याशिवाय टाकू नयेत.

आखूड बॅकस्पिन (मागच्या दिशेने फिरकी दिलेल्या) सर्व्हिसला बहुधा पुशच येतो, लांब किंवा आखूड. फिरकी नसलेल्या सर्व्हिसवर समोरचा फसला, तर चेंडू उंच उठतो. लांब वेगवान सर्व्हिसनंतर समोरच्याचा चेंडूही वेगाने येतो, म्हणून तेव्हा उडी थोडी अधिक मागे घ्यावी आणि बॅट आखडूनच तयार ठेवावी.

आखूड चेंडूसाठी आत जाणे

परतताना फार मागेही जाऊ नये, त्याचे कारण आखूड परतफेड. आपल्या बाजूचे अर्धे टेबल 137 सेंटिमीटर लांब असते; जाळ्याजवळ टप्पा घेतलेल्या चेंडूपर्यंत केवळ हात लांब करून पोहोचता येत नाही. त्यासाठी उजवे पाऊल टेबलाखाली टाकून धड पुढे न्यावे लागते, मग चेंडू फोरहँडला असो की मध्यावर. पाऊल जमिनीला लागणे आणि बॅट चेंडूला लागणे या दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी झाल्या, तर फटक्याला आधार मिळतो. आत झुकताना तोल सावरण्यासाठी मोकळा हात टेबलाच्या पृष्ठभागावर टेकण्याची चूक अगदी सहज होते, आणि चेंडू खेळात असताना असे झाले तर गुण समोरच्याला जातो. टेबल हलले तरीही तोच निर्णय होतो.

आत गेल्यावर पुन्हा बाहेर येणे हे सर्व्हिसनंतरच्या परतण्याचेच दुसरे रूप आहे. पुढे टाकलेल्या उजव्या पायानेच जमीन ढकलावी, टाच आधी उचलावी आणि पुन्हा तीच लहान उडी घ्यावी.

दुहेरीत

दुहेरीत सर्व्हिस करणाऱ्याचा पुढचा चेंडू नसतोच. समोरून परत आलेला चेंडू जोडीदाराला मारायचा असतो. त्यामुळे येथे परतणे म्हणजे वाट मोकळी करणे. सरळ मागे गेल्यास जोडीदाराच्या अंगावर जाण्याचा धोका असतो, म्हणून बाजूला आणि मागे असे तिरके सरकावे, आणि कोणत्या बाजूला सरकायचे ते जोडीदाराशी आधी बोलून ठेवावे. सरकून झाल्यावर पाठ फिरवू नये, कारण त्यानंतरचा आपला चेंडू लवकरच येतो.

सराव

पहिल्या टप्प्यात चेंडू घेऊच नये. सर्व्हिसची हालचाल, खुब्याचे वळणे, उजव्या पावलाचे येणे, लहान उडी आणि बॅट समोर, हा क्रम हळू गतीने आरशासमोर किंवा फोनवर चित्रण करून पाहावा. चित्रण बाजूने केल्यास डोके वर-खाली होते का हे कळते, आणि मागून केल्यास पावलांची रुंदी कळते. हे कंटाळवाणे वाटेल, पण चेंडू आला की लक्ष त्याच्याकडेच जाते आणि पाय जुन्या सवयीवर परततात.

त्यानंतर जमिनीवर चिकटपट्टीने दोन्ही पावलांची अपेक्षित जागा आखावी आणि एकट्याने सर्व्हिस करतानाही प्रत्येक वेळी त्या खुणांवर येऊन थांबावे. चेंडू पलीकडे दुसरा टप्पा घेण्याआधी खुणांवर पोहोचलो की नाही, ही सोपी कसोटी आहे. एकट्याच्या सरावातील सुरुवातीला सांगितलेली उणीव एवढ्याने बरीच भरून निघते.

जोडीदार मिळाला की त्याने चेंडू परत न मारता हातात झेलावा आणि झेलण्याच्या क्षणी आवाज द्यावा. त्या आवाजाला आपली पावले जमिनीवर, गुडघे दबलेले आणि पकड पूर्ण असली पाहिजे. हे जमू लागल्यावर जोडीदाराने ठरलेल्या एकाच जागी पुश करावा, मग दोन जागांपैकी कुठेही, आणि शेवटी आखूड-लांब, डावे-उजवे असे मनाला येईल तसे. टप्पा वाढवताना घाई करू नये. मोकळ्या उत्तरांवर पाय पुन्हा उशिरा निघू लागले, तर एक टप्पा मागे यावे, आणि सर्व्हिस मुद्दाम साधी, मध्यावर, आखूड ठेवावी. सामन्यासारख्या सरावात प्रत्येकी दोन सर्व्हिसच्या क्रमाने खेळताना गुण कोणाला गेला याची नोंद ठेवण्याबरोबर, समोरच्याची बॅट लागली तेव्हा आपण पवित्र्यात होतो का, एवढे जोडीदाराला सांगायला लावावे. तो समोरून ते आपल्यापेक्षा नीट पाहू शकतो.